गोवा ते नैरोबी : अंतर तेच, दिवस वेगळे

दाबोळीपासून नैरोबीपर्यंत नकाशावर सरळ रेघ ओढली तर ती सुमारे 4,450 किलोमीटर भरते, आणि बहुतेक अरबी समुद्रावरूनच जाते. शिडाच्या काळात हा समुद्र ओलांडायला कधी महिनाही लागत नसे, कधी तीन महिने लागत. जहाज तेच, समुद्र तोच. वारा मात्र वेगळा.

वास्को द गामाची पहिली सफरच बघा. 24 एप्रिल 1498 रोजी तो मालिंदीहून, म्हणजे आजच्या केनियाच्या किनाऱ्यावरून, निघाला. सोबत तिथल्या राजाने दिलेला वाटाड्या होता आणि मागून नैऋत्येचे वारे जोर धरत होते. 20 मे रोजी तो कालिकतजवळ पोहोचला. परतीला मात्र त्याने घाई केली. 5 ऑक्टोबरला त्याने अंजदीव सोडले (हे बेट कारवारसमोर असले तरी ते आपल्या काणकोण तालुक्यात मोडते). ईशान्येचे वारे अजून स्थिरावले नव्हते. कधी समोरून वारा, कधी पानही हलू नये अशी शांतता. आफ्रिकेचा किनारा दिसला तो 2 जानेवारी 1499 रोजी. स्कर्व्ही या रोगाने सुमारे तीस माणसे दगावली. उरलेल्यांना तीन जहाजे हाकणे जमेना, म्हणून ‘साओ राफाएल’ जाळून टाकावे लागले. कच्छी आणि अरब नाखवे हिवाळ्याची वाट बघत बंदरात थांबत, ते काही आळसाने नव्हे.

वाफेची जहाजे आली आणि वाऱ्याची ही सत्ता संपली. 1896 ते 1901 या काळात मोंबासाहून आत रेल्वे गेली. तिच्या मागोमाग गोव्याच्या साष्टी-बार्देशातले कारकून, शिंपी आणि कुक मुंबईहून बोटीने तिकडे जाऊ लागले. प्रवास पंधरवड्याच्या आत आला. घरी पत्र मात्र पुढच्या बोटीनेच यायचे.

1950 मध्ये एअर इंडिया इंटरनॅशनलने मुंबई–नैरोबी विमान सुरू केले. गोव्याची गोष्ट निराळी होती. भारताने नाकेबंदी केल्यावर पोर्तुगिजांनी 1955 मध्ये स्वतःची विमान कंपनी काढली. तिची विमाने दाबोळीहून दमण, दीव आणि कराचीला जात. हाताशी असलेल्या मुंबईला वळसा घालून दूरच्या कराचीशी जोडलेले गोवा!

आज मुंबईहून नैरोबी सुमारे सहा तासांवर आहे. घड्याळ अडीच तास मागे करायचे, की दिवसही थोडा लांबतो. पण गोव्याहून थेट विमान नाही. आधी मुंबई गाठायची, तिथे पुढच्या विमानाची वाट बघायची, कधी रात्रही तिथेच काढायची. काणकोणच्या माणसाचे विमान मोपाहून असेल तर त्याला अख्खा गोवा दक्षिणेकडून उत्तरेपर्यंत पार करावा लागतो. ते तास तिकिटावर छापलेले नसतात.