प्रीफिक्स वेगळा, डेस्टडिर वेगळा

लिनक्सवर सोर्स कोडवरून सॉफ्टवेअर बसवायच्या कॉन्फिगर, मेक, मेक इन्स्टॉल या तीन कमांड सगळ्यांना पाठ असतात, त्यामुळे मेक म्हणजे कंपाइल (कोडचा चालता प्रोग्राम बनवणं) आणि मेक इन्स्टॉल म्हणजे फायली जागेवर नेऊन टाकणं हे परत सांगत बसत नाही. सुडो (अ‍ॅडमिनचे हक्क) लागलाच तर फक्त शेवटच्याला, तोही यूएसआर-लोकल या सिस्टिमच्या फोल्डरमध्ये टाकत असाल तर. नुसत्या मेकला सुडो लावणाऱ्यांशी वाद घालणं मी सोडलंय. आणि पावसात अधेमधे लाइट गेली तर सगळं पहिल्यापासून नको, अर्धवट राहिलेली ऑब्जेक्ट फाइल (कंपाइल होत असलेला तुकडा) तेवढी उडवा न् परत मेक मारा, झालेलं सोडून तो पुढचं करतो.

खरा घोळ प्रीफिक्स आणि डेस्टडिरचा. दोन्हीकडे फोल्डर सांगायचा, दोन्हीमुळे फायली त्यात जाऊन पडतात, म्हणून पेडण्यापासून काणकोणपर्यंत जो तो म्हणतो एकच की. एकच नाही रे बाबा!

प्रीफिक्स कॉन्फिगरच्या वेळी देतात, नाही दिला तर यूएसआर-लोकल धरला जातो, आणि आयकॉन, भाषांतरं, प्लगिन कुठे शोधायचे तो रस्ता कंपाइल होतानाच बायनरीत, म्हणजे तयार प्रोग्रामच्या फाइलीत, जाऊन बसतो. डेस्टडिर मेक इन्स्टॉलच्या वेळी देतात, तो कॉपी करताना रस्त्याच्या सुरुवातीला चिकटतो एवढंच, प्रोग्रामला त्याचा थांगपत्ता नसतो. लग्नपत्रिकेवर फोंड्याचा हॉल छापलाय आणि गठ्ठा म्हापशाच्या छापखान्यात पडलाय, म्हणून लग्न म्हापशाला होत नाही ना, तसं.

मग होतं काय, पॅकेज बनवायचं म्हणून लोक प्रीफिक्सलाच टीएमपीतला (तात्पुरत्या फायलींच्या जागेतला) फोल्डर देतात, टार करून, म्हणजे सगळ्याचा एक गठ्ठा बांधून, दुसऱ्या मशीनवर नेतात, आणि तिथे प्रोग्राम आयकॉन शोधत टीएमपीत हिंडतो. बायनरीवर स्ट्रिंग्स (आतला मजकूर काढणारी कमांड) चालवून ग्रेप (शोधणारी कमांड) मारा, तो टीएमपीचा रस्ता तिथेच दिसेल. पॅकेजसाठी प्रीफिक्स शेवटी जिथे राहणार तिथला, डेस्टडिर टीएमपीतला. प्रीफिक्स बदललात तर मेक क्लीन करून कॉन्फिगरपासून परत. मेसन, सीमेक या दुसऱ्या बिल्ड टूल्समध्येही हाच फरक, लिहायची पद्धत तेवढी वेगळी.

स्वतःपुरतं हवं असेल तर डेस्टडिरला हातच लावू नका. प्रीफिक्स होममधला एखादा नवा फोल्डर द्या, नको झालं की अख्खा फोल्डर उडवा. मेक अनइन्स्टॉल (बसवलेलं काढायची कमांड) त्या प्रोजेक्टात असेल का नसेल हा जुगार कशाला, त्यासाठी मांडवीत कॅसिनोच्या बोटी आहेत. फक्त पाथमध्ये (कमांड शोधायच्या यादीत) त्या फोल्डरातला बिन आणि पीकेजी-कॉन्फिग-पाथमध्ये (लायब्ररींची माहिती शोधायच्या यादीत) त्यातल्या लिबमधला पीकेजीकॉन्फिग फोल्डर घालायचा, नाहीतर पुढचं सॉफ्टवेअर कंपाइल करताना लायब्ररी सापडत नाही म्हणून परत मलाच फोन येतो.