रंग पकडणारं सूत

सोलापुरात टॉवेलचं सूत रंगवताना हौदात टाकलेला सगळा रंग सुताला लागत नाही. रिअ‍ॅक्टिव्ह रंग कापसाशी पक्का बांधला जातो खरा, पण सोडा घातलेल्या पाण्यात त्याचे काही रेणू सुताऐवजी पाण्याशीच अभिक्रिया करून बसतात आणि कायमचे निकामी होतात. काही रंगांत असा वाया जाणारा भाग 30 टक्क्यांच्याही वर असतो. तो सांडपाण्यात जातो, आणि ते शुद्ध करणाऱ्या जिवाणूंना तो सहजी पचत नाही.

तो धाग्यानेच पकडता येतो. साधा धागा मात्र यात अगदीच कच्चा. 10 मायक्रॉन जाडीच्या पॉलिएस्टर तंतूचा पृष्ठभाग ग्रॅममागे जेमतेम 0.3 चौरस मीटर भरतो, तर सक्रिय कार्बनचा, म्हणजे पाणी शुद्ध करायला वापरतात त्या सच्छिद्र कोळशाचा, 500 ते 1500. क्षेत्रफळात धागा कार्बनला कधीच गाठणार नाही. म्हणून त्या पृष्ठभागावर काय उगवायचं, हे महत्त्वाचं.

गावठी बोरीवर चांगल्या जातीचा डोळा भरतात, तसंच हे. गॅमा किरणांनी किंवा इलेक्ट्रॉनांच्या झोताने तंतूवरचे काही रासायनिक बंध तुटतात. त्या जागांपासून दुसऱ्याच पॉलिमरच्या साखळ्या वाढवतात. साखळीवर अमाइन गट (नायट्रोजन असलेले अणुसमूह) असले, तर आम्लधर्मी पाण्यात ते धनभारित होतात आणि ऋणभारित रंगाला ओढतात. पण रंगकामाचं सांडपाणी बहुधा अल्कधर्मी असतं, तिथे अमाइन ढिले पडतात. अशा पाण्याला चतुर्थक अमोनियम गट बरा; त्यात नायट्रोजनला चार कार्बन जोडलेले असतात आणि त्याचा धनभार काही केल्या जात नाही. तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात किरणांच्या मदतीने कापसावर असे गट बसवून रंग शोषण्याचं काम झालं आहे. प्लास्टिक बनवताना वापरतात त्या बिस्फेनॉल-ए सारख्या सहसा भार नसलेल्या प्रदूषकांना हा उपाय लागू नाही; त्यांच्यासाठी बीटा-सायक्लोडेक्स्ट्रिन जोडतात. ग्लुकोजच्या 7 घटकांचं हे कडं, आतली पोकळी सुमारे 0.6 नॅनोमीटरची आणि पाण्याला नावडती. तेलकट स्वभावाचा रेणू तिथे जाऊन बसतो.

खरी अडचण मिठाची. रंग सुतावर चढावा म्हणून हौदात लिटरमागे कित्येक ग्रॅम मीठ घालतात, आणि त्यातले ऋणभारित क्लोराइड आयन रंगाच्याच जागा अडवतात. प्रयोगशाळेत शुद्ध पाण्यात रंग विरघळवून काढलेले आकडे म्हणूनच मला फारसे पटत नाहीत. गंमत म्हणजे भरलेला धागा पुन्हा मोकळा करायला हेच मीठ उपयोगी पडतं. दाट मिठाच्या पाण्यात धुतला की बराच रंग सुटतो. उरतं ते थोडं, पण गडद आणि खारट पाणी. त्याची विल्हेवाट कशी लावायची, हे धागा निवडतानाच ठरवावं लागतं.