डिलीट केलेली फाइल जाते कुठे? फ्लॉपीच्या काळातला २२९

पेनड्राइव्हवरची फाइल डिलीट केली की आपण धरून चालतो ती गेली. पेनड्राइव्ह एफएटी३२ फॉरमॅटचा (फाइली मांडून ठेवायची एक पद्धत) असेल तर खरं काय होतं सांगू का, फाइलच्या नावातल्या पहिल्या अक्षराच्या जागी २२९ हा आकडा लिहिला जातो आणि तिने अडवलेले खण, म्हणजे डिस्कवरचे ठरावीक मापाचे तुकडे, रिकामे आहेत अशी नोंद होते, बस. आतला मजकूर जिथल्या तिथे असतो. मला या २२९ चं फार अप्रूप आहे, कारण तो थेट १९७० च्या दशकातल्या ८ इंची फ्लॉपीवरून आलाय आणि डिस्क ऑपरेटिंग सिस्टीम नेमकं काय करायची हे त्याच्यावरून छान कळतं.

त्या फ्लॉपीवर ७७ ट्रॅक म्हणजे गोल रांगा, एका ट्रॅकचे २६ सेक्टर म्हणजे तुकडे, एका सेक्टरमधे १२८ बाइट. गुणाकार केला तर २,५६,२५६ बाइट, म्हणजे जेमतेम २५० केबी, आज मोबाइलवरचा एक फोटोसुद्धा त्यात मावणार नाही. आणि ड्राइव्हला समजायचं काय तर अमक्या ट्रॅकवर जा, तमका सेक्टर वाच नाहीतर लिही. 'फाइल' ही गोष्ट त्याच्या गावीच नव्हती! आपली फाइल कुठल्या सेक्टरांत ठेवलीय हे लक्षात ठेवायला कोणीतरी हवं होतं ना.

ते काम करायला गॅरी किल्डॉल यांनी १९७४ मधे कॅलिफोर्नियात इंटेल ८०८० या चिपसाठी सीपी/एम ही डिस्क ऑपरेटिंग सिस्टीम लिहिली. पहिले दोन ट्रॅक सिस्टीमसाठी राखीव, त्यानंतर डिरेक्टरी म्हणजे फाइलींची यादी, आणि तिच्यात प्रत्येक नोंद ३२ बाइटची. पहिला बाइट फाइल कुठल्या युजरची ते सांगणारा, मग नावाची ८ अक्षरं, प्रकाराची ३, आणि शेवटच्या १६ बाइटमधे मजकूर ज्या खणांत आहे त्यांचे नंबर. एक खण १ केबीचा, म्हणजे एका नोंदीत १६ केबी बसले, फाइल मोठी झाली की त्याच नावाची दुसरी नोंद उघडायची. किती साधं आहे बघा.

फाइल पुसायची तर पहिल्या बाइटमधे २२९. हाच आकडा का? तर आयबीएम पद्धतीने फॉरमॅट होऊन आलेल्या कोऱ्या फ्लॉपीच्या प्रत्येक बाइटमधे २२९ च भरलेला असायचा, त्यामुळे नवी फ्लॉपी घातली की सीपी/एमला सगळ्या नोंदी पुसलेल्या दिसायच्या, म्हणजेच डिस्क रिकामी, वेगळी डिरेक्टरी तयार करायची गरजच नाही. मला हे फार सुंदर वाटतं.

पण सीपी/एमचं खरं मोठेपण दुसरीकडे आहे. तेव्हा प्रत्येक कंपनीच्या मशीनची डिस्क, कीबोर्ड, स्क्रीन वेगळी, मग किल्डॉल यांनी हार्डवेअरला हात लावणारा तेवढाच भाग बाजूला काढला, त्याला बायॉस म्हणायला लागले. नव्या मशीनसाठी तेवढा बायॉस लिहायचा, बाकी सिस्टीम तीच, आणि वर्डस्टारसारखा लिखाणाचा प्रोग्राम फारशी डोकेफोड न करता वेगवेगळ्या मशीनवर चालायचा. सॉफ्टवेअर विकण्याचा धंदा त्यामुळे वाढला असं मला ठामपणे वाटतं.

१९८० मधे सिॲटलला टिम पॅटरसन यांनी इंटेलच्या ८०८६ या चिपसाठी ८६-डॉस लिहिली, ती पुढे मायक्रोसॉफ्टने विकत घेतली, तीच एमएस-डॉस, आणि १९८१ मधे आयबीएम पीसीवर आली. प्रोग्रामनी सिस्टीमला हाक मारायची पद्धत सीपी/एमसारखीच, कारण जुने प्रोग्राम सहज आणता यावेत, पण खणांचे नंबर आता नोंदीत नव्हते, एक वेगळा तक्ता होता आणि त्यात प्रत्येक खणासमोर पुढचा खण कुठला एवढंच लिहिलेलं, एफएटी म्हणतात तो हाच. २२९ मात्र तसाच राहिला, फक्त इथे पहिल्या बाइटमधे नावाचं पहिलं अक्षर होतं. म्हणून एमएस-डॉसची अनडिलीट कमांड फाइल परत आणताना 'पहिलं अक्षर काय होतं' असं आपल्यालाच विचारायची, तिच्याकडे ते उरलेलंच नसायचं! जपानीत तर काही कांजी अक्षरं २२९ नेच सुरू होतात, तिथे त्याऐवजी ५ लिहायची सोय करावी लागली.

कॅमेऱ्याच्या कार्डवरून फोटो चुकून उडाले तर आधी नवीन फोटो काढणं थांबवा, जुने अजून तिथेच आहेत पण सिस्टीमच्या लेखी ते खण मोकळे झालेत, पुढचा फोटो नेमका त्यांच्यावर बसू शकतो. तक्त्यातली साखळी पुसली गेलेली असते त्यामुळे रिकव्हरीचं सॉफ्टवेअर बऱ्याचदा फाइल सलग खणांत असेल असं गृहीत धरतं, आणि ती कार्डभर विखुरलेली असली तर फोटो अर्धा बरोबर येतो, खालचा अर्धा भलताच.