जपानी भाषा शिकण्यासाठी मांगाची निवड

मांगा म्हणजे जपानी चित्रकथा. जपानी शिकणारे पाठ्यपुस्तकाबाहेरचे पहिले वाचन म्हणून बहुधा मांगाच हातात घेतात आणि त्यांतले बरेच जण पहिल्या दहा-पंधरा पानांत तो मिटून ठेवतात. दोष बहुतेक वेळा निवडीचा असतो. ॲनिमे आवडला म्हणून त्याचा मांगा आणला, किंवा लहान मुलांचा आहे म्हणजे सोपा असणार असे धरून चालले, की घोळ होतो. परक्या वाचकाला मांगा किती जड जाईल, हे जपानी वाचकाच्या वयावरून ठरत नाही. कांजीवर, म्हणजे चिनी लिपीतून आलेल्या अर्थवाही अक्षरांवर, उच्चार छापला आहे का, पात्रे कशी बोलतात आणि गोष्ट कोणत्या जगात घडते, या तीन गोष्टींवरून ते ठरते.

पूर्वतयारी

हिरागाना आणि काताकाना या जपानीच्या दोन उच्चारलिप्या न अडखळता वाचता येणे ही किमान अट आहे. पाठ्यपुस्तकात काताकाना परदेशी शब्दांपुरती भेटते, म्हणून ती कच्ची ठेवण्याची सवय लागते. मांगात मात्र आवाज, आरोळ्या, ठासून म्हटलेले शब्द असे बरेच काही काताकानात असते आणि तेही चित्रकाराच्या हातचे, वाकडेतिकडे. छापील अक्षरांत ‘शि’ आणि ‘त्सु’, ‘सो’ आणि ‘न’ यांतला फरक ओळखणारा विद्यार्थी हाताने लिहिलेल्या अक्षरांत हमखास फसतो.

व्याकरणाची अट त्याहून महत्त्वाची. वर्गात सुरुवात ‘देस’ आणि ‘मास’ या अदबीच्या रूपांनी होते. मांगातली पात्रे घरच्यांशी आणि मित्रांशी बोलतात, तिथे ही रूपे फारशी येत नाहीत. भारतात अनेक वर्गांत चालणारे ‘मिन्ना नो निहोंगो’ हे पुस्तक मोजपट्टी म्हणून घेतले, तर ‘ते’ रूप १४व्या पाठात, ‘नाइ’ रूप १७व्या, कोशातले मूळ रूप १८व्या, ‘ता’ रूप १९व्या आणि या सगळ्यांवर चालणारी साधी बोली २०व्या पाठात येते. म्हणजे २०व्या पाठाआधी मांगा उघडला, तर जवळजवळ प्रत्येक क्रियापद अनोळखी वाटणार. पहिला भाग २५व्या पाठाला संपतो. जेएलपीटी या जपानी भाषेच्या परीक्षेची एन५ पातळी साधारण तिथे येते (एन५ सर्वांत सोपी, एन१ सर्वांत अवघड). दुसऱ्या भागातले २६ (‘न् देस’), २९ (‘ते शिमाउ’), ३० (‘ते ओकु’) आणि ३३ (आज्ञार्थ) हे पाठ मांगावाचकाला सर्वांत जास्त कामाला येतात. ३३वा पाठ झाला की मारामारीच्या मांगातली निम्मी ओरडाआरड कळू लागते.

फुरिगाना

कांजीच्या शेजारी बारीक अक्षरांत छापलेला उच्चार म्हणजे फुरिगाना. जपानमध्ये सामान्य वापरासाठी २,१३६ कांजी ठरवलेल्या आहेत आणि त्यांतल्या १,०२६ प्राथमिक शाळेत शिकवल्या जातात. एन५ झालेल्या विद्यार्थ्याला शंभरच्या आसपास येतात. फुरिगाना असेल तर अनोळखी शब्द ऐकल्यासारखा टाइप करून कोशात शोधता येतो. नसेल तर कांजी बोटाने काढा, नाहीतर तिचे घटक शोधा. एका शब्दाला एक-दोन मिनिटे जातात आणि पानावर असे वीस शब्द असले की वाचन संपलेच.

मासिक पाहिले की फुरिगानाचा अंदाज येतो. मुलगे आणि किशोरांसाठीची ‘शोनेन’ मासिके व मुलींसाठीची ‘शोजो’ मासिके सर्व कांजींवर फुरिगाना देतात: ‘शुकान शोनेन जंप’, ‘कोरोकोरो कॉमिक’, ‘रिबॉन’, ‘नाकायोशी’. प्रौढांच्या ‘सेइनेन’ मासिकांत, उदाहरणार्थ ‘मॉर्निंग’ किंवा ‘बिग कॉमिक’मध्ये, तो फक्त अवघड शब्दांवर आणि विशेषनामांवर असतो. अपवाद दोन्हीकडे सापडतात, म्हणून मासिकाच्या नावावर न थांबता पान उघडून पाहावे.

पुस्तकाच्या आकाराकडेही लक्ष हवे. नेहमीची तान्कोबोन, म्हणजे सुट्या पुस्तकाची आवृत्ती साधारण ११ × १७.५ सेंटिमीटरची असते. जुन्या मालिका पुढे बुन्को या खिशात मावणाऱ्या आकारात निघतात, तो १०.५ × १४.८ सेंटिमीटर. पानच लहान झाल्यामुळे फुरिगाना मुंगीएवढा होतो आणि ‘बा’वरच्या दोन रेघा व ‘पा’वरचे वर्तुळ यांत फरक दिसेनासा होतो. जुन्या बाजारात बुन्को स्वस्त पडतो, पण पहिल्या वाचनासाठी नको.

फुरिगानाचे दोन सापळे आहेत. चौकटीच्या कोपऱ्यात पात्राने पुटपुटलेले, हाताने लिहिलेले शेरे असतात, त्यांवर तो बहुतेक वेळा नसतो. सुरुवातीला हे शेरे सोडून दिले तरी गोष्ट अडत नाही. दुसरा सापळा जास्त फसवा आहे. लेखक मुद्दाम कांजी एका शब्दाची आणि फुरिगाना दुसऱ्याच शब्दाचा देतात. ‘होन्कि’ या शब्दाच्या कांजीवर ‘माजि’ असे छापलेले सर्रास दिसते, कारण अर्थ ‘खरंच, मनापासून’ असा गंभीर आणि तोंडातला शब्द पोरांचा. लढाईच्या आणि जादूच्या मालिकांत डावपेचांची नावे अशीच असतात: कांजीत अर्थ, वर भलताच परदेशी उच्चार. ते कांजीचे वाचन समजून पाठ केले, तर परीक्षेत चुकणार.

कांजी जवळजवळ नसलेला, फक्त हिरागानातला मजकूर सर्वांत सोपा, ही समजूतही टिकत नाही. जपानीत शब्दांमध्ये सहसा जागा सोडत नाहीत. शब्द कुठे संपला हे कांजीमुळे कळते. ती काढून घेतली की अक्षरांची अखंड माळ उरते. शोगाकुकान या प्रकाशकाच्या मांगात संवादांनाही पूर्णविराम आणि स्वल्पविराम असतात. बहुतेक इतर प्रकाशक ते देत नाहीत. नवशिक्याला ही लहानशी सोय बरीच उपयोगी पडते.

पात्रांची बोली

‘नानि यात्तेन दा यो’ हे वाक्य कोणत्याही शाळकरी मांगात पहिल्या दहा पानांत सापडेल. पाठ्यपुस्तकी रूप ‘नानि ओ यात्ते इरु नो दा यो’. यातला ‘ओ’ प्रत्यय गळाला, ‘इरु’ आणि ‘नो’ मिळून एक ‘न्’ उरला. मराठीत ‘काय करतो आहेस’चे ‘काय करतोयस’ होते तशीच ही घसरण, पण कोशात ‘यात्तेन’ शोधले तर बहुधा हाती काही लागत नाही. म्हणून नेहमीची आक्रसलेली रूपे आधीच एका कागदावर लिहून जवळ ठेवावीत: ‘ते शिमाउ’चे ‘चाउ’, ‘ते ओकु’चे ‘तोकु’, ‘ते इरु’चे ‘तेरु’, ‘नाकेरेबा’चे ‘नाक्या’, ‘देवा’चे ‘जा’, ‘तो इउ’चे ‘त्ते’, ‘वाकारानाइ’चे ‘वाकान्नाइ’. रांगड्या मुलग्यांच्या तोंडी ‘आइ’ आणि ‘ओइ’चा ‘एए’ होतो: ‘सुगोइ’चे ‘सुगेए’, ‘नाइ’चे ‘नेए’. एवढ्या आठ-दहा बदलांनी बोलीतली बहुतेक कोडी सुटतात.

पात्राचे वय, लिंग आणि ऐट दाखवण्यासाठी मांगात ठरावीक भाषा वापरतात. भाषाशास्त्रज्ञ किन्सुइ सातोशी यांनी तिला ‘याकुवारिगो’, म्हणजे भूमिकेची भाषा, असे नाव दिले. म्हातारा शास्त्रज्ञ स्वतःला ‘वाशि’ म्हणतो आणि वाक्य ‘जा’ने संपवतो, श्रीमंत घरची मुलगी ‘देसु वा’ म्हणते, सामुराई ‘देगोझारु’ म्हणतो. खऱ्या आयुष्यात असे कुणी बोलत नाही. ओसाकाकडची बोली मात्र खरी आहे, पण तीही पहिल्या मालिकेत टाळलेली बरी. ‘या’, ‘हेन’, ‘आकान’ ही रूपे वर्गातल्या व्याकरणात बसत नाहीत, आणि काय चुकते आहे हे नवशिक्याला कळतही नाही.

पुण्यामुंबईत जपानी शिकणाऱ्यांपैकी अनेकांना भाषा नोकरीसाठी हवी असते. त्यांनी ‘ओरे’, ‘ओमाए’, ‘तेमेए’ हे शब्द ओळखावेत आणि ओळखण्यावरच थांबावे. ‘तेमेए’ ही सरळ शिवी नसली, तरी कार्यालयात तिचा परिणाम शिवीसारखाच होतो.

आवाजाचे शब्द हा मांगाचा मोठा भाग आहे आणि इथे मराठी वाचक इतरांपेक्षा सुखात असतो. धडधड, लुकलुक, गडगड, रिमझिम अशी द्विरुक्ती आपल्या कानाला सवयीची आहे. ‘दोकिदोकि’ (छातीची धडधड), ‘किराकिरा’ (चमचम), ‘गोरोगोरो’ (गडगडाट, आणि दिवसभर लोळत पडणेही) हे शब्द चित्रासोबत एकदा पाहिले की बसतात. ‘शीन्’ हा शब्द तेवढा चमत्कारिक वाटतो, कारण तो शांततेचा आवाज आहे.

विषय, मांडणी आणि काही मालिका

घर, शाळा, शेजार, दुकान अशा रोजच्या जगातल्या मालिका आधी घ्याव्यात. इतिहास, सैन्य, अंतराळ, रुग्णालय, न्यायालय यांच्या शब्दांचा एन५-एन४च्या विद्यार्थ्याला बाहेर फारसा उपयोग नसतो. मात्र कथा आधीच पाठ असेल, ॲनिमे दोनदा पाहिला असेल, तर विषयाची अट सैल करायला हरकत नाही. आवडीच्या जोरावर अवघड पुस्तक पार पडते. कंटाळवाणे सोपे पुस्तक पडत नाही.

सर्वांत जास्त सुचवली जाणारी मालिका ‘योत्सुबातो!’ ही आहे. ती २००३ साली ‘देन्गेकि दाइओ’ मासिकात सुरू झाली. पाच वर्षांची मुलगी, तिचे वडील आणि शेजारचे कुटुंब एवढेच जग. काय चालले आहे ते चित्रावरून कळते आणि फुरिगाना आहे. तरीही ती दिसते तेवढी सोपी नाही. योत्सुबाचे बोलणे बरेचसे हिरागानात आहे आणि ती शब्द चुकीचे ऐकते, मोडते, स्वतःचे बनवते. पहिल्याच भागात ‘चिक्यू ओन्दान्का’ म्हणजे जागतिक तापमानवाढ येते आणि ही पोर वातानुकूलन यंत्र लावणाऱ्यांवर चिडते. एन४ची अर्धी वाट झाली असेल तर ही मालिका चांगली. त्याआधी वडिलांच्या आणि शेजारणींच्या संवादांवर भर द्यावा.

‘दोराएमोन’ १९७० सालच्या जानेवारी अंकांपासून छापला जाऊ लागला. त्याच्या नेहमीच्या आवृत्तीचे ४५ भाग आहेत. कथा छोट्या आणि स्वतंत्र, त्यामुळे एका बैठकीत एक संपते. भारतात टीव्हीमुळे पात्रे ओळखीची असतात, हा वरचा फायदा. यंत्रांची नावे साध्या शब्दांची आहेत: ‘दोकोदेमो दोआ’ म्हणजे ‘कुठेही’ आणि ‘दार’. ‘मेइतान्तेइ कोनान’ (१९९४पासून) उलट टोकाला. गुन्ह्याचा उलगडा सुरू झाला की पाने फुग्यांनी भरून जातात. पण ‘हिगाइशा’ (बळी), ‘हान्निन’ (गुन्हेगार), ‘शोको’ (पुरावा) हे शब्द प्रत्येक प्रकरणात परत येतात, म्हणून एन३च्या विद्यार्थ्याला तिसऱ्या-चौथ्या प्रकरणापासून वेग येतो.

यातूनच एक नियम निघतो: सुटे भाग वाचण्यापेक्षा एकच लांब मालिका बरी. लेखकाचे शब्द, पात्रांच्या लकबी आणि नावे एकदाच शिकावी लागतात. पहिल्या भागाची पहिली तीस पाने नेहमीच सर्वांत जड जातात, त्यामुळे तिथेच मालिका सोडण्याचा निर्णय घेऊ नये.

‘योन्कोमा’, म्हणजे चार चौकटींचे विनोदी मांगा, छोटे म्हणून सोपे वाटतात. प्रत्येक चार चौकटींना विषय बदलतो आणि चौथ्या चौकटीतला विनोद बहुधा शब्दावरच्या कोटीवर असतो. ‘शिरोकुमा काफे’ ही योन्कोमा नाही, पण ध्रुवीय अस्वलाच्या कोट्यांमुळे तिथेही हीच गत होते: वाक्य कळते, हसू येत नाही.

निवडीची चाचणी

जपानी ई-पुस्तक दुकानांत ‘तामेशियोमि’ म्हणून सुरुवातीची काही पाने फुकट वाचता येतात. ‘बुकवॉकर’वरून भारतातूनही खरेदी करता येते, ‘शोनेन जंप प्लस’वर अनेक मालिकांची पहिली प्रकरणे मोफत आहेत. शुएइशा या प्रकाशकाचे ‘मांगा प्लस’ ॲप मात्र भाषांतरांसाठी आहे, त्यात मूळ जपानी मिळत नाही.

चाचणीसाठी पहिली दोन पाने सोडावीत, कारण तिथे निवेदन असते. मधली पाच पाने कोश न उघडता वाचावीत आणि दर पानाला अजिबात न कळलेले शब्द मोजावेत. दोन-तीन असतील तर हा मांगा सलग वाचायचा. आठ-दहा असतील तर रोज चार-पाच पाने, कोश घेऊन. पंधराच्या वर असतील आणि चित्रावरूनही काय चालले आहे हे सांगता येत नसेल, तर सहा महिन्यांनी पुन्हा उघडावा. इंग्रजी शिकणाऱ्यांवर २०००मध्ये झालेल्या एका परिचित अभ्यासात, आधाराशिवाय समजून वाचायला सुमारे ९८ टक्के शब्द ओळखीचे लागतात असे दिसले होते. मांगात चित्र मदतीला असल्यामुळे त्याहून कमीवर भागते.

वाचताना प्रकरण आधी एकदा कोशाशिवाय पूर्ण करावे. दुसऱ्या फेरीत फक्त दोनदा भेटलेले शब्द शोधावेत. अँकी या शब्दकार्डांच्या ॲपमध्ये घालायचे शब्द दिवसाला पाच-सात पुरेत. प्रत्येक अनोळखी शब्दाचे कार्ड बनवणारे लोक पंधरा दिवसांत कार्डेच उजळत बसतात. छापील जपानी कोश वापरणाऱ्याला एक सोय आयती मिळते. त्यातला क्रम आ-इ-उ-ए-ओ, का-सा-ता-ना-हा-मा-या-रा-वा असा असतो आणि तो संस्कृत वर्णमालेच्या अभ्यासातूनच जपानमध्ये घडला. संगणकावर वाचत असल्यास ‘मोकुरो’ हे साधन पानाच्या चित्रातला मजकूर निवडता येण्याजोगा करते आणि ‘योमितान’ त्या शब्दावर कर्सर नेताच अर्थ दाखवते. फुरिगाना नसलेल्या सेइनेन मालिका त्यामुळे आवाक्यात येतात. हाताने लिहिलेली अक्षरे आणि तिरके आवाज ही साधने नेहमी नीट ओळखत नाहीत, तेव्हा विचित्र अर्थ दिसला तर आधी अक्षरे तपासावीत.