‘फ्रँकेन्स्टाइन’च्या दोन संहिता

तरुणपणी वाचलेली ‘फ्रँकेन्स्टाइन’ बऱ्याच वर्षांनी पुन्हा हाती घेतली की काही तपशील आठवणीशी जुळत नाहीत. त्याचा दोष नेहमी स्मरणशक्तीचा नसतो, कारण या कादंबरीच्या दोन वेगळ्या संहिता प्रचारात आहेत आणि दुसरी संहिता खुद्द लेखिका मेरी शेली यांच्या पुनर्वाचनातून जन्मली आहे.

१८१६च्या उन्हाळ्यात मेरी शेली जिनिव्हाच्या सरोवराकाठी राहत होत्या, तेव्हा त्यांचे वय अठरा होते. आदल्या वर्षी इंडोनेशियातील तांबोरा ज्वालामुखीचा उद्रेक झाल्यामुळे त्या उन्हाळ्यात युरोपभर थंडी आणि पाऊस होता; घरात अडकून पडलेल्या मित्रमंडळींत कवी बायरनने भुताच्या गोष्टी लिहिण्याची टूम काढली आणि त्यातून ही कथा सुरू झाली. १ जानेवारी १८१८ रोजी ती तीन खंडांत, लेखिकेच्या नावाशिवाय प्रसिद्ध झाली. पहिल्या आवृत्तीच्या प्रती अवघ्या ५०० होत्या.

त्यानंतरच्या वर्षांत त्यांची मुलगी क्लारा गेली, १८१९मध्ये रोमला तीन वर्षांचा विल्यम गेला आणि १८२२मध्ये पती पर्सी समुद्रात बुडाले. कादंबरीत ज्या लहान मुलाचा राक्षसाच्या हातून खून होतो, त्याचे नावही विल्यमच आहे. ते पान या आईने पुन्हा कसे वाचले असेल, याची कल्पना करवत नाही. १८२३मध्ये इटलीतील एका परिचित बाईंना दिलेल्या प्रतीत त्यांनी समासात दुरुस्त्या केल्या आणि पहिली दोन प्रकरणे पुन्हा लिहावीत, त्यांची भाषा कुठे कुठे पोरकट आहे, असेही नोंदवले.

तशी संधी १८३१च्या एकखंडी आवृत्तीने दिली. आपण बहुतांशी भाषाच सुधारली, असे मेरी शेली यांनी प्रस्तावनेत म्हटले आहे. प्रत्यक्षात बदल त्याहून खोल आहेत. राक्षसाचा निर्माता असलेल्या व्हिक्टर फ्रँकेन्स्टाइनची मूळची आतेबहीण एलिझाबेथ आता कोमो सरोवराजवळच्या एका गरीब शेतकरी कुटुंबात सापडलेली अनाथ मुलगी होते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, १८१८चा व्हिक्टर आपल्या निर्णयांनी चुकतो, तर १८३१चा व्हिक्टर नियतीच प्रबळ होती, असे वारंवार सांगतो. मला पहिला व्हिक्टर अधिक खरा वाटतो, कारण त्याला निर्मितीची जबाबदारी झटकता येत नाही. मात्र इतकी माणसे गमावलेल्या लेखिकेला नियतीवर विश्वास ठेवावासा वाटला, हे समजण्यासारखे आहे.

दीर्घकाळ ही दुसरी संहिताच सर्वत्र छापली गेली. १९७४मध्ये जेम्स रीगर यांनी १८१८ची संहिता संपादित करून प्रसिद्ध केल्यानंतर ती अभ्यासकांच्या आणि पुढे सामान्य वाचकांच्याही हाती येऊ लागली. आपल्या कपाटातील प्रत कोणती, हे एलिझाबेथ घरात कशी येते, एवढ्यावरूनही ओळखता येते.