व्हिसलिंग डिक की विडो ब्लेकली? विक्सबर्गच्या दोन तोफांची ओळख

अमेरिकेतल्या उत्तर-दक्षिण यादवी युद्धात उत्तरेच्या जनरल ग्रँटच्या फौजेने मिसिसिपी नदीकाठच्या विक्सबर्गला १८ मे ते ४ जुलै १८६३ वेढा घातला होता. शहराच्या नदीकडच्या बाजूला दक्षिणेचा तोफखाना कर्नल एडवर्ड हिगिन्सच्या हाताखाली होता आणि लुइझियाना व टेनेसीच्या अवजड तोफांच्या पलटणींचे गोलंदाज तोफा चालवत होते. त्यातल्या दोन तोफा नावानिशी गाजल्या: व्हिसलिंग डिक आणि विडो ब्लेकली. पुढे यांची अशी गल्लत झाली की विडो १९५९ पर्यंत वेस्ट पॉइंटच्या लष्करी अकादमीत ‘व्हिसलिंग डिक’ म्हणूनच मांडलेली होती. त्या वर्षी ती विक्सबर्गला परत आली. तोफेची ओळख चुकली की तिच्यामागे उभ्या राहिलेल्या माणसांचं श्रेयही चुकीच्या पलटणीकडे जातं, म्हणून हा फरक नीट समजून घ्यावा.

डिक मूळची १८ पौंडी, म्हणजे १८ पौंडांचा गोळा टाकणारी, १८३९ च्या नमुन्याची, गुळगुळीत नळीची लोखंडी तोफ. आत आटे, म्हणजे गोळ्याला फिरकी देणाऱ्या वळणदार खाचा, नंतर पाडले. त्या आट्यांनी गोळ्याला मिळणारी फिरकी समतोल नव्हती. गोळा हवेत डगमगत जाई आणि शीळ घातल्यासारखा आवाज येई, त्यावरून हे नाव पडलं. २७ मे रोजी उत्तरेची ‘सिनसिनाटी’ ही चिलखती युद्धनौका नदीकाठच्या तोफांनी बुडवली. त्याचं श्रेय परंपरेने डिकला दिलं जातं, पण त्या दिवशी अनेक तोफा मारा करत होत्या. शरणागतीनंतर डिकचा पत्ताच लागला नाही. नाव प्रसिद्ध, तोफ गायब. अशा वेळी हाती असलेल्या दुसऱ्या तोफेला ते नाव चिकटणं सोपं होतं.

विडो इंग्लंडमध्ये घडवलेली, कॅप्टन ब्लेकलीच्या पद्धतीची साडेसात इंची आटेदार तोफ. विक्सबर्गच्या संरक्षणात या जातीची ती एकटीच, म्हणून ‘विधवा’. २२ मे रोजी, ग्रँटच्या मोठ्या हल्ल्याच्या दिवशी, ती उत्तरेच्या युद्धनौकांवर मारा करत असताना एक कुलपी (आत दारू भरलेला) गोळा नळीतच फुटला आणि तोंडाचा तुकडा उडाला. गोलंदाजांनी फाटका भाग कापून टाकला आणि तोफ पुन्हा कामाला लावली. नळी आखूड झाली की दारूच्या वायूला गोळा ढकलायला कमी अंतर मिळतं आणि वेग घटतो. सरळ, दूरच्या माऱ्याला ती कमी पडते. म्हणून पुढे शरणागतीपर्यंत तिचा वापर उखळी तोफेसारखा, उंच फेकीसाठी झाला. मोडलेली तोफ अशी वापरात ठेवणं हे त्या पलटणीचं मोठं काम आहे, आणि चुकीच्या नावाखाली नेमकं तेच झाकलं गेलं.

ओळखायला मोजपट्टी पुरते. १८ पौंडीचा व्यास ५.३ इंच, म्हणजे सुमारे १३५ मिमी, विडोचा ७.५ इंच, सुमारे १९० मिमी. मोजताना पट्टी आट्यांच्या खाचेत टेकवू नका. दोन खाचांमधल्या उंचवट्यापासून समोरच्या उंचवट्यापर्यंत मोजा, नाहीतर व्यास जास्त भरतो. उघड्यावर ठेवलेल्या तोफांवर रंगाचे थर चढत जातात आणि तोंडाच्या कडेला गंज धरतो, त्यामुळे थोडं आत सरकून दोन-तीन दिशांनी मोजावं. ५५ मिमीचा फरक रंगाने किंवा गंजाने झाकला जात नाही.

दुसरी खूण तोंड. कापलेल्या नळीला नेहमीचा फुगीर काठ नसतो.

मागच्या बाजूचा जाड लोखंडी पट्टा पाहून मात्र निकाल देऊ नये. ब्लेकलीची पद्धतच नळीला पट्ट्यांनी बळकट करण्याची होती हे खरं, पण जुन्या गुळगुळीत तोफांना आटे पाडताना दक्षिणेच्या कारखान्यांनीही असे पट्टे चढवले होते.

आज विडो विक्सबर्गच्या राष्ट्रीय उद्यानात लुइझियाना सर्कलला, नदीकडे तोंड करून आहे. उद्यानातल्या फलकांवर दक्षिणेच्या तुकड्यांचा मजकूर लाल अक्षरांत असतो, उत्तरेच्या निळ्या. असा फलक लिहिताना पलटणीचं नाव, तोफा मांडल्याची जागा आणि तारखा एकत्र द्याव्यात. तोफेची जात आणि व्यास वेगळ्या ओळीत. टोपणनाव सगळ्यात शेवटी, आणि तेही माप जुळलं तरच.