पालकाचा दीर्घकालीन आजार आणि लहान मूल

आई किंवा वडिलांना जडलेला, पूर्ण बरा न होणारा आजार साधारण तीन ते आठ वर्षांच्या मुलाला त्याला उमजेल अशा भाषेत सांगणे, हा बालमानसशास्त्राचा आणि कुटुंब-समुपदेशनाचा विषय आहे. मधुमेह, संधिवात, अपस्मार (फिट येण्याचा आजार), मूत्रपिंड निकामी होणे, मल्टिपल स्क्लेरोसिस (मेंदू आणि मज्जारज्जूचा आजार), नैराश्य हे आजार एकमेकांपासून कितीही वेगळे असले, तरी मुलापुढचा पेच बराचसा सारखाच असतो.

मुलाला आजार ठाऊक असतो तो स्वतःच्या सर्दी-तापातून. आजारी पडायचे, औषध घ्यायचे, चार दिवसांत उठून खेळायला जायचे. ‘आई कधी बरी होणार?’ हा प्रश्न याच अनुभवातून येतो. त्यावर ‘होईल हं लवकर’ असे उत्तर बहुतेक घरांत दिले जाते. काही महिने उलटले की मूल त्यातून स्वतःच अर्थ काढते: औषध खोटे आहे, आई नीट घेत नाही, किंवा मोठी माणसे खरे सांगत नाहीत. ‘हा आजार जाणार नाही, पण औषधाने तो आटोक्यात राहतो’ हे वाक्य सांगायला जड वाटते. मुलाला मात्र ते पेलते.

न सांगितल्याने मूल अजाण राहते हा समज चुकीचा आहे. बंद दार, हलक्या आवाजातले फोन, अचानक पाहुणा म्हणून येऊन राहिलेली मावशी हे सगळे ते टिपत असते. स्विस मानसशास्त्रज्ञ झां पियाजे यांनी दोन ते सात वर्षांच्या टप्प्याला पूर्वक्रियात्मक अवस्था म्हटले. या वयात मूल जगाकडे स्वतःला मध्यभागी ठेवून पाहते आणि एकापाठोपाठ घडलेल्या दोन गोष्टींत कार्यकारणभाव जोडते. ‘मी हट्ट केला, म्हणून बाबांना दवाखान्यात न्यावे लागले’ हा निष्कर्ष त्याला अगदी तर्कशुद्ध वाटतो. मानसशास्त्रज्ञ रॉजर बिबेस आणि मेरी वॉल्श यांनी १९८० मध्ये आजाराविषयीच्या बालकल्पनांचे टप्पे मांडले: आधी आजाराचा संबंध बाहेरच्या कुठल्याही वस्तूशी लावला जातो, मग स्पर्शाशी किंवा घाणीशी, आणि शरीराच्या आत काय बिघडते याची जाण बरीच उशिरा येते. मानसशास्त्रज्ञ सुझन केरी यांनी १९८५ मध्ये या प्रकारच्या मांडणीपुढे वेगळा विचार ठेवला. लहान मुलाची विचारशक्ती तोकडी नसते, त्याच्याजवळ शरीराविषयीची माहिती कमी असते, असा त्यांचा रोख होता. व्यवहारात हा फरक मोलाचा आहे, कारण माहिती देता येते.

समुपदेशक सहसा तीन गोष्टी पुन्हा पुन्हा सांगायला सुचवतात: हे तुझ्यामुळे झाले नाही, हे तुला लागणार नाही, आणि हे बरे करणे तुझे काम नाही. यातले दुसरे वाक्य सरसकट वापरू नये. आजार संसर्गजन्य किंवा आनुवंशिक असेल, तर डॉक्टरांना विचारून जेवढे खरे तेवढेच सांगावे. आजाराचे खरे नावही सांगावे. नुसते ‘पोटात दुखतं’ म्हटले, तर पुढे स्वतःचे पोट दुखले की मूल धास्तावते.

कुटुंबांवर मानसोपचार करणारे तज्ज्ञ जॉन रोलंड आजारांची वर्गवारी त्यांच्या वाटचालीवरून करतात: वाढत जाणारे, स्थिर राहणारे आणि उलटून येणारे. मुलाला सर्वांत कोड्यात टाकतो तो शेवटचा प्रकार. काल पाठीवर घेऊन पळालेली आई आज कुशीवर वळतानाही कण्हते. बाहेरून तर काहीच दिसत नाही. ‘आज तिला माझ्याशी खेळायचं नाही’ असे ते धरून चालते. अशा घरात आजचा दिवस कसा आहे हे दाखवणारी एखादी खूण कामी येते: वाटीतले खडे किंवा दारावरचा रंगीत कागद. दोन खडे असतील तर गोष्ट वाचायची, पाच असतील तर बाहेर जायचे. नैराश्यात अशी खूण अधिकच गरजेची असते, कारण तिथे मुलाला आजार दिसत नाही, पालकाची चिडचिड दिसते.

मदतीची सीमा नाजूक असते. पाणी आणून दिल्याने मुलाला आपण उपयोगी आहोत असे वाटते. रात्री जागून आईचा श्वास पाहणे हे ओझे झाले. पालकाची जबाबदारी मुलावर येण्याला पालकीकरण म्हणतात. समंजस मुलाचे सगळे कौतुक करतात, त्यामुळे ते लवकर लक्षात येत नाही. आणीबाणीत काय करायचे हे मात्र शिकवावेच. आईला फिट आली, तर तिच्या तोंडात काही घालायचे नाही आणि ठरलेल्या मोठ्या माणसाला लगेच बोलवायचे, एवढे पाच वर्षांचे मूल सरावाने करू शकते.

नॉर्वेने २०१० पासून गंभीर आजारी रुग्णांच्या अल्पवयीन मुलांची माहितीची आणि आधाराची गरज लक्षात घेणे हे आरोग्य कर्मचाऱ्यांचे कायदेशीर कर्तव्य ठरवले. इतरत्र हे काम बहुधा घरच्यांवरच पडते.

मुलाला कितपत कळले हे विचारून समजत नाही, खेळातून समजते. बाहुलीला सुई टोचली जाते, तिला ‘आता झोप’ म्हणून दटावले जाते. पुन्हा अंथरूण ओले होऊ लागणे, शाळेच्या वेळी पोट दुखणे, आईला न सोडणे ही काळजीची चिन्हे असू शकतात. ‘तू मरणार का?’ हा प्रश्न बहुधा भलत्याच वेळी, आंघोळीत किंवा चालत्या गाडीत येतो. मुलाला ‘असं बोलू नये’ म्हणून गप्प केले, तर ते पुन्हा विचारत नाही. ‘तुला असं का वाटलं?’ असे आधी विचारावे; कधी कधी त्याला एवढेच हवे असते, की आई दवाखान्यात असेल तेव्हा शाळेतून न्यायला कोण येणार.